जुना १:४८ ईगल जोडायला काढलाय: वाकलेला पाय, पिवळे डिकल आणि ती 'सोनेरी' पन्नी

जुनाखोका (धागाकर्ता)

मोनोग्राम कंपनीचं १:४८ मापाचं अपोलो ११ लूनर मोड्यूलचं (चंद्रावर उतरलेल्या यानाचं) प्लास्टिक किट जोडायला घेतोय. खोका जुना आहे, आतल्या पिशव्या फुटल्यात, पण भाग मोजले तर सगळे आहेत. एका पायाचा मुख्य दांडा धनुष्यासारखा वाकलाय. डिकलचा (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा) कागद चहाच्या रंगाचा झालाय. प्लास्टिक हाताला तेलकट लागतं. ट्यूबमधला गोंद अर्थातच दगड.

करायचा आहे तो चंद्रावर उभा असलेला ईगल, म्हणजे एलएम-५ (पाचवं लूनर मोड्यूल), २० जुलै १९६९ ला उतरल्यानंतरचा. एअरब्रश नाही, ब्रश आणि स्प्रे कॅन आहेत. जोडणी सुटून बरीच वर्षं झाली, त्यामुळे प्राथमिक गोष्टीही सांगितल्या तर चालतील. मुख्य प्रश्न असा, की खालच्या भागासाठी सोनेरी रंगाची बाटली आणू की पन्नी लावू?

सहाशे_नंबर

आधी प्लास्टिकचं बघू, पन्नीचं नंतर.

तेलकटपणा म्हणजे साच्यातून भाग सुटावा म्हणून मारलेलं तेल, त्यावर वर्षानुवर्षांची धूळ. स्प्रू (भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) न तोडता कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून जुन्या मऊ टूथब्रशने धुवा, साध्या पाण्यातून काढा आणि रात्रभर वाळू द्या. ही पायरी गाळली तर रंग मास्किंग टेपबरोबर सालीसारखा निघतो, आणि ते कळतं शेवटी, सगळं रंगवून झाल्यावर. धुताना बेसिनच्या जाळीवर फडकं टाका. १:४८ च्या थ्रस्टरचा (यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनाचा) शंकू पाइपात गेला तर परत येत नाही.

वाकलेल्या दांड्याला उकळतं पाणी नको. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंशाच्या आसपास पार मऊ पडतं आणि बारीक भाग त्याच्या आधीच आकार सोडतात. सुमारे ७० अंशांचं पाणी घ्या, दांडा अर्धा-एक मिनिट बुडवा, बाहेर काढून सपाट काचेवर बोटांनी सरळ धरा आणि तसाच गार पाण्यात घाला. एकदम पूर्ण सरळ करायला जाऊ नका, तीन-चार फेऱ्यांत करा. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, गार असताना वाकवलं की वाकल्या जागी आधी पांढरी रेघ उमटते आणि मग तुकडा पडतो.

भाग स्प्रूवरून काढताना पिळून तोडू नका. निपरने १-२ मिमी अंतर ठेवून कापा, उरलेला खुंट नव्या ब्लेडने दोन वेळा पातळ छाटा, मग ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, ओला करून. जुन्या साच्यांत कडेला पापुद्रा, म्हणजे फ्लॅश, असतोच. तो कापण्यापेक्षा ब्लेडची धार आडवी धरून खरवडला तर कड सरळ राहते.

आणि गोंद. मधल्या काळातला सगळ्यात मोठा बदल म्हणाल तर हाच. ट्यूबमधला दाट गोंद आता फार कुणी वापरत नाही. टामियाचा हिरव्या झाकणाचा एक्स्ट्रा थिन किंवा त्या जातीचा पातळ सिमेंट घ्या. दोन भाग कोरडे जुळवा, धरून ठेवा, झाकणातल्या ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवा. द्रव आपोआप फटीत ओढला जातो. तो चिकटवत नाही, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवून एक करतो. म्हणून जोडावर रंग किंवा प्रायमर असेल तर सांधा धरत नाही, आधी खरवडून घ्या. पाच-सात सेकंदांनी भाग हलकेच दाबला की विरघळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी बाहेर येतो. तो तसाच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी घासा. फट भरायला पुट्टीसुद्धा लागत नाही.

अ‍ॅक्रिलिक शीटवाल्यांकडे मिळणारं पातळ सॉल्व्हंट पॉलिस्टायरीनलाही जोडतं, पण ते फार जोरात चावतं आणि वाफ घातक आहे. ह्या किटच्या नाजूक भागांना ते नकोच.

टिपकागद

डिकलबद्दल. पिवळेपणा शाईचा नसतो, वरच्या पारदर्शक थराचा आणि गोंदाचा असतो. कागद पारदर्शक पिशवीत घालून, चित्राची बाजू बाहेर करून, उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून टेपने लावा. चार-आठ दिवसांत बराच फिका पडतो. रोज बघत जा. लाल रंग उन्हात उडतो, आणि झेंड्याचे पट्टे लालच आहेत.

पिवळेपणापेक्षा मोठा धोका तुकडे होण्याचा. कडेचा एक बिनकामाचा शब्द कापून कोमट पाण्यात टाका. अर्ध्या मिनिटाने अख्खा सरकला तर उत्तम. पाण्यात त्याचा चुरा झाला तर उरलेल्या पूर्ण कागदावर पारदर्शक लॅकर स्प्रेचे दोन हलके थर द्या किंवा मायक्रोस्केलचं लिक्विड डिकल फिल्म ब्रशने लावा, एक दिवस वाळवा. त्यानंतर मात्र प्रत्येक चित्र कडेला चिकटून कापावं लागतं, कारण नवा थर सगळ्या कागदावर सलग असतो.

जुन्या डिकलचा स्वतःचा गोंद बहुतेक मेलेला असतो. त्यासाठी डिकल बसवायचे दोन द्रव: लावायच्या जागी निळ्या लेबलचा मायक्रो सेट, वर ठेवल्यावर लाल लेबलचा मायक्रो सोल. सोल लावला की डिकल आक्रसतो, सुरकुततो. घाबरून बोट लावू नका, वाळताना आपोआप बसतो.

अंबर४८

आता सोनेरी रंग. बाटली आणू नका. ह्या यानावर सोनं नाही, सोन्याचा रंगही नाही.

दिसतं ते कॅप्टॉन, म्हणजे पॉलिइमाइडची पातळ फिल्म. फिल्मचा स्वतःचा रंग पारदर्शक अंबर, मधासारखा. तिच्या आतल्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा थर आहे. प्रकाश अंबर फिल्ममधून आत जातो, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवरून परततो आणि पुन्हा फिल्ममधून बाहेर येतो. म्हणून एकच पत्रा एका घडीत पिवळा, शेजारच्या घडीत गडद नारिंगी आणि सावलीत जवळजवळ तपकिरी दिसतो. सोनेरी रंगात धातूचा चुरा असतो. तो सगळीकडून सारखाच पिवळा दिसतो. किटवर तो देव्हाऱ्यातल्या प्रभावळीसारखा दिसतो, यानासारखा नाही.

तेव्हा क्रम खऱ्यासारखाच ठेवायचा: खाली चांदी, वर पारदर्शक अंबर.

पहिली पद्धत. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल घ्या, चॉकलेटच्या आतली मिळाली तर आणखी चांगली, ती पातळ असते. हातात हलकी चुरगळा, उलगडा, काचेवर ठेवून बोटाने सपाट करा, पुन्हा चुरगळा. तीन वेळा. घडी बारीक झाली पाहिजे. १:४८ मध्ये ४ मिमीची एक सुरकुती म्हणजे खऱ्या यानावर जवळजवळ २० सेंमीचा फुगा. मग चकचकीत बाजूवर टामियाचा क्लिअर यलो (एक्स-२४) आणि क्लिअर ऑरेंज (एक्स-२६) साधारण तीनास एक मिसळून, पातळ करून, तीन-चार थर. एअरब्रश नसेल तर ह्या रंगाचे ब्रशचे ओरखडे दिसतात. त्याऐवजी चित्रकलेच्या दुकानातले काचेवर रंगवायचे पारदर्शक ग्लास कलर घ्या, पिवळा आणि थोडा नारिंगी. ते ब्रशने लावले तरी स्वतःच समतल होतात. फक्त फॉइलवर लावा, सुटी असताना. थेट प्लास्टिकवर त्यातलं सॉल्व्हंट पृष्ठभाग खातं.

रंगलेली फॉइल एक दिवस वाळवा आणि मगच कापा. प्रत्येक पॅनेलवर मास्किंग टेप लावून नखाने कडा उमटवून घ्या, टेप काढून कागदावर चिकटवा, झालं तुमचं माप. फॉइल मापापेक्षा चारी बाजूंनी १ मिमी मोठी कापा. चिकटवायला फेविकॉल, निम्मं पाणी घालून, किटच्या पृष्ठभागावर ब्रशने. मिनिटभर थांबून चिकट झाल्यावर फॉइल ठेवा. मधून बाहेर मऊ ब्रशने दाबा, बोटाने नाही. बोटाने दाबलं की सगळ्या सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या जातात. फेविक्विक तर अजिबात नको, त्याची पांढरी वाफ फॉइलवर धुरकट डाग सोडते.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. खरं कॅप्टॉनच वापरायचं. मोबाइल दुरुस्तीत, पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) आणि थ्रीडी प्रिंटरवर लावतात ती अंबर रंगाची उष्णतारोधक टेप म्हणजे पॉलिइमाइडच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात पॉलिइमाइड टेप म्हणून मागा. २० किंवा ५० मिमी रुंदीची घ्या. फॉइलच्या चकचकीत बाजूवर ही टेप बुडबुडे न ठेवता चिकटवा. यानावर होता तोच पदार्थ, त्याच क्रमाने.

चिमटा

अंबर४८, टेपला माझी हरकत आहे. फिल्म २५ मायक्रॉन, सिलिकॉन चिकटा धरून टेप ६० च्या आसपास. त्याखाली फॉइल १०-१२. एकूण ७० मायक्रॉन, गुणिले ४८ म्हणजे खऱ्या मापात सुमारे ३.४ मिमी. दिसायला ते चालेलही, कारण खरं आवरणसुद्धा अनेक थरांचं होतं. अडचण जाडीची नाही, ताठपणाची आहे. पॉलिइमाइड परत उसळतं. सपाट पॅनेलवर ते छान बसतं, पण पायाच्या ३ मिमीच्या दांड्याभोवती गुंडाळलं की दोन दिवसांत कड सुटते. शिवाय चुरगळलं की घड्या मोठ्या आणि गोल पडतात, फॉइलसारख्या तीक्ष्ण नाहीत. एकदा लावल्यावर त्यावर रंगही धरत नाही, म्हणजे काळ्या पॅनेलची कड त्यावर मारता येत नाही.

अंबर४८

मान्य, दांड्यांसाठी टेप नाहीच. तिथे रंगवलेली चॉकलेटची पन्नी, ४ मिमीच्या पट्ट्या कापून, तिरकी गुंडाळत. टेप आठ बाजूंच्या मोठ्या पॅनेलपुरती. रंगाचा धरबंध असा ठेवा, की आधी टेपचा तुकडा समोर ठेवून ग्लास कलरची छटा त्याला मिळवा, नाहीतर पाय आणि पोट दोन वेगळ्या यानांचे दिसतील.

काळ्या कडेबद्दल: पॅनेल काळं असेल तिथे टेप लावूच नका, प्लास्टिक रंगवून घ्या आणि टेपची कड त्यावर आणून संपवा. खऱ्या यानावरही पत्रे एकमेकांवर चढलेलेच आहेत. आणि टेपच्या १ मिमी रुंदीच्या उभ्या पट्ट्या जोडांवर लावल्या की फोटोतले सांधे येतात.

जुनाखोका

हे फार उपयोगी. काळं कुठे आणि अंबर कुठे, हे किटच्या कागदावर विश्वास ठेवून करू का?

रवाळ_माती

नको. ह्या वयाची बहुतेक किटं मुळात यान उतरण्याआधीच्या माहितीवर बेतलेली आहेत. प्रत्येक एलएमचं आवरण वेगळं होतं, त्यामुळे 'लूनर मोड्यूलचा रंग' असं काही नसतं, एलएम-५ चा असतो. नासाच्या अपोलो ११ च्या छायाचित्रांत पृष्ठभागावरची मॅगझिन (फिल्मची डबी) ४० आणि चंद्राभोवतीच्या कक्षेतली मॅगझिन ४४ अशी दोन बघा. एएस११-४०-५८६८ आणि ५८६९ ह्या क्रमांकांच्या फोटोंत ऑल्ड्रिन शिडी उतरताना आहे; शिडी, पाय आणि समोरची पॅनेल त्यात जवळून मिळतात. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयातलं एलएम-२ हे कधी उडालेलं नाही, पण ते एलएम-५ सारखं सजवलेलं आहे. आकारांसाठी त्याचे फोटो उत्तम. पॅनेलच्या रंगात शंका आली तर चंद्रावरचा फोटो खरा धरा.

किटमध्ये तपासून बघायच्या गोष्टी:

वरच्या भागाच्या चार कोपऱ्यांवर प्रत्येकी चार, असे सोळा थ्रस्टर. प्रत्येक गटाच्या खाली तोंड केलेल्या थ्रस्टरखाली खालच्या भागावर एक वळलेला पत्रा असतो, झोत अंगावर येऊ नये म्हणून. एलएम-५ वर हे चारही होते. जुन्या किटांत ते बहुधा नसतात. ०.२५ मिमी प्लास्टिक शीट किंवा कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा पेन्सिलीवर वळवून करा, आधार ०.५ मिमी पितळी तारेचे.

जमिनीला स्पर्श झाल्याचं सांगणारे लांब संवेदक, म्हणजे प्रोब. ईगलला ते तीनच पायांना होते; शिडीच्या पायाला नव्हता, उतरणाऱ्याच्या वाटेत येऊ नये म्हणून. किटमध्ये चार असतील तर चौथा लावू नका. लांबी खऱ्यात १.७ मीटर, म्हणजे तुम्हाला साडेपस्तीस मिमी. तुम्ही उतरलेला ईगल करताय, तेव्हा ते सरळ खाली राहणारच नाहीत. उतरताना ते वाकून पाऊलथाळीच्या कडेने बाहेर पडले, फोटोंत मुडपलेले दिसतात. किटचं प्लास्टिक टाकून द्या आणि ०.३ मिमी तार घ्या, हवी तशी मुडपता येते.

शिडीला नऊ पायऱ्या. मोजा. किटच्या पायऱ्या जाड असतात, पितळी ०.५ मिमी तार म्हणजे खऱ्यात २.४ सेंमी, ती चांगली दिसते. शेवटची पायरी पाऊलथाळीच्या बरीच वर संपते, ती चूक समजून शिडी लांबवू नका. पायाच्या दांड्यात चुरगळणारा अ‍ॅल्युमिनियमचा मधाच्या पोळ्यासारखा गाभा होता, तो उतरताना दबेल असा हिशोब होता. ईगल इतका हलका टेकला की दांडे फारसे दबलेच नाहीत. शिडीवरचा धातूचा फलक ९ इंच रुंद, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम ४.८ मिमी. अक्षरं लिहायचा प्रयत्न नको, चांदीच्या तुकड्यावर टोकदार पेन्सिलीच्या फिक्या आडव्या रेघा पुरतात.

सहाशे_नंबर

पायांची जोडणी स्वतंत्र सांगतो, कारण किट हातचं जातं ते इथे. प्रत्येक पायाला एक मुख्य दांडा आणि दोन आडवे आधार. एकेक पाय नजरेने लावत गेलात तर चौथ्या पायाला टेबल लागत नाही.

जाड पुठ्ठ्यावर किंवा फरशीच्या तुकड्यावर काटकोनात दोन रेघा मारा. खऱ्या यानाचा पाय उघडल्यावरचा कर्णातला पसारा सुमारे ९.४ मीटर, तुमच्या मापात १९.६ सेंमी. पाऊलथाळीचा व्यास सुमारे २ सेंमी. छेदबिंदूभोवती १९.६ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा आणि चार थाळ्यांच्या जागा त्याच्या आत खुणा करून दोन बाजूंच्या टेपने बसवा. किट मापाला थोडंफार चुकत असेल तर वर्तुळ किटप्रमाणे बदला, चारही सारख्या असणं महत्त्वाचं. खालचा भाग मधोमध पुस्तकांच्या किंवा डब्यांच्या थप्पीवर, पायांच्या उंचीला, लेव्हल बघून ठेवा. मग चारही पाय एकाच बैठकीत पातळ सिमेंटने टेकवून लावा. सिमेंट मऊ असेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं सगळं हलवून जुळवता येतं. रात्रभर हात लावू नका.

पन्नी मात्र पायांना जोडणीआधी गुंडाळा, दोन्ही टोकांना ३ मिमी प्लास्टिक उघडं ठेवून. पन्नीवर सिमेंट चालत नाही.

चिमटा

वरच्या भागाबद्दल कुणी बोललं नाही. तिथे अंबर फार थोडं, मुख्य रंग काळा आणि अ‍ॅल्युमिनियमचा राखाडी. टामियाचा शुद्ध काळा (एक्सएफ-१) ह्या मापात भोकासारखा दिसतो. नाटो ब्लॅक (एक्सएफ-६९) घ्या. राखाडी पॅनेलना फ्लॅट अ‍ॅल्युमिनियम (एक्सएफ-१६) मध्ये थोडा फिका करडा. शेजारशेजारची दोन-तीन पॅनेल अर्ध्या छटेने वेगळी ठेवा.

तिथले पत्रे कागदासारखे पातळ होते आणि लाटा आलेले होते. किटमध्ये ते रणगाड्याच्या चिलखतासारखे सपाट दिसतात. दोन-चार मोठ्या पॅनेलवर कोल्ड्रिंकचा नव्हे, तर स्वयंपाकाच्याच फॉइलचा तुकडा चिकटवा, बॉलपेनच्या बंद टोकाने अगदी हलक्या दाबाने एक-दोन खोलगे द्या आणि वरून रंगवा. त्रिकोणी खिडक्यांच्या काचा लावण्याआधी आतली बाजू काळी करा, नाहीतर प्लास्टिकमधून उजेड आरपार जातो.

दोन अर्ध्यांचा सांधा चेहऱ्यावर आला तर तिथे पुट्टी लागेलच. गाडीच्या रंगकामाची एनसी लांबी (नायट्रोसेल्युलोज पुट्टी) चालते, पण पातळ थरात. जाड भरली तर तिच्यातलं थिनर खालचं प्लास्टिक फुगवतं आणि वाळताना लांबी खचते. आठवड्याने रंगाखाली चर उमटते.

जुनाखोका

पायांचा साचा आज बनवला. दांडा तीन फेऱ्यांत सरळ झाला. सध्या पाऊस आहे, प्रायमर मारू का?

टिपकागद

पावसात लॅकरचा स्प्रे कॅन मारला की थर वाळताना हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि दुधासारखा पांढुरका पडदा येतो. काळ्यावर तर लगेच दिसतो. पाऊस उघडलेल्या दिवशी, दुपारी मारा. कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा (गरम नाही, गॅसवर तर कधीच नाही), २०-२५ सेंमीवरून, झटक्यात, पातळ. लगेच झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पडदा आलाच तर त्यावर जाड थर मारू नका; कोरड्या दिवशी त्याच लॅकरचा हलका थर दिला की बहुधा विरघळून जातो. फेविकॉलने लावलेल्या पन्नीलाही ह्या दिवसांत दुप्पट वेळ द्या.

रवाळ_माती

तळाबद्दल एवढंच. इंजिनाखाली खड्डा खणू नका; तिथे खड्डा पडला नव्हता, वरची भुकटी फक्त बाहेरच्या दिशेला झाडल्यासारखी झाली होती. पाऊलथाळ्या २ ते ५ सेंमी रुतल्या होत्या, म्हणजे तुम्हाला अर्धा ते एक मिमी. करड्या रंगाचं टाइल ग्राउट चहाच्या गाळणीतून चाळून, पातळ फेविकॉलवर भुरभुरवा, जास्तीचं झटका. मग चिमूटभर तपकिरी कोरडा रंग मोठ्या ब्रशने. रंग करडाच, पण निळसर नको. ग्राउट श्वासात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

सूर्य तेव्हा क्षितिजाच्या फार वर नव्हता. ठेवायच्या जागी दिवा एकाच बाजूने आणि कमी उंचीवरून, तिरका लावला तर पन्नीच्या घड्या दिसतात. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली अंबर मळकट पिवळा दिसतो.

जुनाखोका

कॅप्टॉन टेप ५० मिमीची मिळाली. फॉइलवर लावून खिडकीजवळ धरली. घडीत नारिंगी, कडेला पिवळी, तंतोतंत फोटोसारखी. प्रोबसाठी ०.३ ची तार आणली, चौथा प्रोब स्प्रूवरच राहू देतोय. उघडीप मिळाली की आधी काळी पॅनेल.